चौथ्या ओळीपुढची सही

आमच्या पशुवैद्यक विभागात प्रत्येक विषयाच्या पहिल्याच पानावर एक यादी असते. वर लिहिलेलं असतं, ‘हा विषय पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील’, आणि खाली सहा-सात ओळी. सरकारी नाव अध्ययन निष्पत्ती. आम्ही तिला येईल-यादी म्हणायचो, कारण तिच्यातलं सगळं कधीतरी येईल अशा भरवशावर चाललं होतं.

चार वर्षांत अशा तीसेक याद्या माझ्या हातात आल्या असतील. खरं सांगते, एकही मी वाचली नव्हती. वसतिगृहातली माझ्या खोलीतली जिपार वाचायची, पण तिचा हिशेब वेगळा होता. परीक्षेचे प्रश्न याच ओळींतून उचलतात हे तिनं पहिल्या वर्षीच हेरलं होतं, आणि एका ओळीला एक अशा चिठ्ठ्या ती बुटात ठेवायची. डोंगरावरच्या गावांतून आलेली मुलं त्या कागदाचे कोन करून त्यात सूर्यफुलाच्या बिया घेऊन खायची. आमचा गटप्रमुख तालाय मात्र यादी पाठ करायचा. वर्गात कुणी मोठं माणूस आलं की उभं राहून धडाधड म्हणून दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. आणि प्राध्यापक पहिल्या तासाला ते पान उलटत म्हणायचे, "हे काय, तुम्ही वाचालच."

सत्राच्या सुरुवातीला ‘यादी मिळाली’ म्हणून प्रत्येकाची सही लागते आणि शेवटी ‘यादीतलं येतं’ म्हणून. आमच्या गटातल्या एकोणीस जणांच्या दोन्ही सह्या तालायच करायचा, त्याही एकोणीस तऱ्हांनी, कधी पेन बदलून, कधी डाव्या हातानं. त्यानं केलेली माझी सही माझ्या सहीपेक्षा सुबक होती. यात काही खोटं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. उलट तो आजारी पडला की आमची पंचाईत व्हायची.

मग मार्चमध्ये राजधानीतून, बिश्केकहून, तपासणी समिती येणार असं ठरलं आणि विद्यापीठात लगीनघाई सुरू झाली. जिने रंगवले गेले. शेजारच्या शाळेतून कुंड्या उसन्या आल्या. समितीला म्हणे विद्यार्थ्यांशीच बोलायचं होतं, की बाबांनो तुम्हाला तुमच्या निष्पत्ती ठाऊक आहेत का? म्हणून अधिष्ठात्यांच्या कचेरीतून हुकूम निघाला: याद्या पाठ करा. आणि यंदा सह्या ज्याच्या त्यानं करायच्या, त्याही ओळीगणिक, आणि पत्रकाच्या तळाशी शिकवणाऱ्यानं ‘हे सर्व शिकवले’ असं लिहून आपली सही करायची.

रविवारी संध्याकाळी मी आणि जिपार चहा आणि तळलेल्या पिठाचे बोर्सोक घेऊन पलंगावर बसलो. प्रसूतिशास्त्राची यादी मी मोठ्यानं वाचत होते आणि ती डोळे मिटून माझ्यामागून म्हणत होती.

"चार. अडलेल्या मेंढीच्या पोटातील कोकराची स्थिती हाताने ओळखून ती स्वतंत्रपणे दुरुस्त करता येईल व कोकरू जिवंत बाहेर काढता येईल," मी वाचलं.

"...बाहेर काढता येईल," जिपार म्हणाली. "पाच?"

मी कागद खाली ठेवला.

"अगं, पाच काय?"

"जिपार, तुला येतं हे?"

"काय?"

"चौथं. कोकरू काढायला."

तिनं एक डोळा उघडला. "मी काय सुईण आहे? मी तर लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत जाणार. पाच काय ते सांग."

तिचं खरं होतं. ती प्रयोगशाळेत जाणार होती. मी जाणार होते कोक-जारला. माझं आजोळ ते. तिथला पशुवैद्य दोन वर्षांपूर्वी रशियाला निघून गेला, आणि गावात चार हजार मेंढ्या. मी जिल्ह्याच्या कचेरीशी तीन वर्षांचा करार करून बसले होते, आणि मामा गावभर सांगत सुटला होता की आमची सिर्गा डॉक्टर होऊन येतेय. मी शहरात वाढलेली, आईच्या भट्टीत रोट्या थापत. मेंढी मी गोठ्यात कमी आणि ताटात जास्त पाहिलेली. पुढच्या मार्चमध्ये कुणीतरी धापा टाकत माझं दार वाजवणार, आणि मी त्याला काय सांगणार? की माझं अक्षर छान आहे?

कारण अक्षरावरच सगळं अडलं होतं. गेली दोन वर्षं वसंतात आम्ही बारपी बायकेच्या शेडवर जायचो. बारपी बायके, म्हणजे बारपीदादा, हा शहराबाहेरचा मेंढपाळ, विद्यापीठाशी बांधलेला. मेंढी अडली की आमचे प्रसूतिशास्त्राचे कुबात आगाय, म्हणजे कुबात सर, म्हणायचे, "चला, कोण येतं पुढे?" डोंगरावरची मुलं बाह्या सावरून पुढे व्हायची, आणि आगाय आम्हा पाच मुलींकडे वळून म्हणायचे, "तुम्ही नोंदी घ्या गं. तुमचं अक्षर चांगलं." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं! आता स्वतःचाच राग आला. मेंढ्या मार्च-एप्रिलमध्ये वितात, आणि जूनमध्ये आमच्या हातात पदवी. माझ्याकडे एवढाच एक हंगाम उरला होता, आणि त्यातला अर्धा कुंड्या उचलण्यात गेला होता.

सोमवारी वर्गात प्रसूतिशास्त्राचं पत्रक फिरलं. सहाही ओळींपुढे चौकटी आखलेल्या. मी पाच सह्या केल्या आणि चौथी चौकट कोरी ठेवून पत्रक पुढे सरकवलं.

तालायनं ते दारापर्यंत नेलं आणि तिथूनच परत आला. "सिर्गा, चौथी राहिली तुझी."

"राहिली नाही. मी ठेवली."

"म्हणजे?"

"मला येत नाही ते. जे येत नाही त्यापुढे सही कशी करू?"

"अगं, मला तरी कुठे येतं!" तो बोलून गेला आणि लगेच इकडेतिकडे पाहू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, एक चौकट आहे. दे इकडे, मीच करतो तुझी."

"हात तर लावून बघ."

"समितीसमोर आमचं नाक कापणार तू!"

"नाक तुझं, तालाय. माझ्याकडे पुढच्या वर्षी मेंढी येणार आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला सुवर्णपदक पाहिजे!" सगळे हसले. मला हसू नाही आलं, पण डगमगलेही नाही. खरं सांगायचं तर चार वर्षांत पहिल्यांदा त्या वर्गात मला माझं म्हणणं ठाम ठाऊक होतं, आणि त्याचा एक वेगळाच जोर असतो.

दुपारी कचेरीतून बोलावणं आलं. सोनुनबूबू एजे, म्हणजे सोनुनबूबूताई, विभागाचे सगळे अभ्यासक्रम लिहून काढतात. गोलमटोल, मायाळू बाई, खणात सदा चॉकलेट. त्यांनी आधी एक माझ्या हातात ठेवलं.

"बाळा, काय गं हे ऐकते मी?"

"एजे, ती चौथी ओळ कुणी लिहिली?"

"मीच की." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं एक तक्ता डकवला होता, नुसत्या क्रियापदांचा, खालून वर चढत गेलेला. "आधी आम्ही लिहायचो, ‘विद्यार्थ्याला माहिती होईल.’ मागच्या समितीनं सगळं लाल करून ठेवलं. म्हणाले, माहिती झाली हे मोजणार कसं? वरच्या पायरीची क्रियापदं घाला. मग काय, मी वरून उचलून घातली. ‘स्वतंत्रपणे’ मात्र माझं स्वतःचं. भारदस्त दिसतं ना?"

"कुबात आगायना विचारलं होतं?"

"त्यांना कुठे वेळ असतो? त्यांनी सही केली." मग त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडे पाहून गोड हसल्या. "एवढं कशाला मनाला लावून घेतेस? चौथी ओळ मी खोडूनच टाकते. पाच मिनिटांचं काम. नवीन पत्रक छापू, सगळ्यांची सुटका."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. ओळच नसली तर भांडण नाही, आणि तालाय उद्या माझ्याशी पुन्हा बोलेल. एजेंची बोटं कळफलकावर गेलीसुद्धा.

"थांबा," मी म्हणाले. "ओळ खोडल्यानं मेंढी अडायची थांबेल का?"

"काय?"

"ओळ बरोबर आहे, एजे. तुम्ही तक्त्यावरून लिहिली असेल, पण अगदी बरोबर लिहिली. पशुवैद्याला तेच यायला पाहिजे. कमी आहे ते माझ्यात. तिला हात लावू नका."

एजेंनी बोटं मागे घेतली. मग खणातून दुसरं चॉकलेट काढून त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकलं. "मग कुबात आगायशी तूच बोल," त्या म्हणाल्या. "मी त्या माणसाला घाबरते."

त्यांना सगळेच घाबरायचे. कुबात आगाय म्हणजे एके काळचे आमच्या खोऱ्यातले नावाजलेले पशुवैद्य. त्यांनी मला गाठलं ते भर व्हरांड्यात, सगळा गट उभा असताना.

"सही न करणारी ती तूच का? मी चार वर्षं काय झोपा काढल्या?"

"नाही, आगाय. फळ्यावर तुम्ही छान शिकवलंत. मला आकृती अजून काढता येते."

"मग?"

"आकृतीतली मेंढी हलत नाही." कुणीतरी खुदकन हसलं. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "माझ्या वहीत बत्तीस अडलेल्या मेंढ्यांच्या नोंदी आहेत. एकीलाही माझा हात लागलेला नाही. तुम्ही आम्हाला नोंदी घ्यायला सांगितलंत."

"मुलांना येतं सगळं!"

"ज्यांना येतं ते घरून शिकून आलेत, आगाय. त्यांना त्यांच्या बापांनी शिकवलं. शहरातल्या मुलांना विचारा. तालायला विचारा."

आगायनी तालायकडे पाहिलं. तालाय जिन्याचा नवा रंग वाळलाय का ते बघत होता.

आगायचा चेहरा लाल झाला होता, आणि मला वाटलं की आता ही पदवी गेली हातची. ते दोन पावलं गेले, वळले आणि म्हणाले, "उद्या आठला. बारपीच्या शेडवर. नखं कापून ये."

मंगळवारी सकाळी आठला मी शेडच्या दारात होते. बाहेर बर्फ अर्धवट वितळून सगळा चिखल झाला होता, आत तीनशे गाभण मेंढ्यांची ऊब आणि लेंड्यांचा उग्र वास. बारपी बायकेनं मला पाहून भुवया चढवल्या. "आज एकटीच? वही कुठाय?"

"आणली नाही, बायके."

दहाच्या सुमारास एक मेंढी अडली. डोकं बाहेर दिसत होतं, एक पाय आला होता, दुसरा आत दुमडलेला. मी गरम पाण्यानं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतला, तेल लावलं आणि आत घातला. वेणेबरोबर माझी बोटं हाडाला दाबली जात होती, आणि आकृतीतलं काहीही मला तिथं सापडेना. गुडघा कुठला, टाच कुठली, सगळं ओलं आणि एकसारखं. दहा मिनिटं गेली. मेंढी कण्हायला लागली.

"आगाय, तुम्ही करा," मी ओरडले. "ते मरेल!"

आगाय जागचे हलले नाहीत. मग त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात माझ्यासमोर धरला. मनगट वळत नव्हतं. बोटं अर्धवटच मिटत होती.

"घोड्यानं लाथ मारली," ते म्हणाले. "सात वर्षं झाली. बारपी, तू बघ."

बारपी बायकेनं मला बाजूला सारून कोकरू काढलं. मेलेलं होतं. त्यानं ते गवतावर ठेवलं आणि मेंढी त्याला चाटत राहिली. मला रडू आवरेना.

"माझ्यामुळे मेलं ना?"

"आधीच मेलेलं असेल," आगाय म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. तेव्हा ते म्हणाले, "नाही. मला नक्की माहीत नाही."

त्या एका वाक्यानं मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला. आम्ही दाराशी पालथ्या बादल्यांवर बसलो आणि बारपी बायकेनं दूध घातलेला खारा चहा दिला.

"हात गेल्यावर मी वर्गाला दाखवणार काय?" आगाय बोलू लागले, माझ्याकडे न बघता. "म्हणून ज्यांना येत होतं त्यांनाच पुढे केलं. त्यांना शिकवावं लागत नव्हतं. बाकीच्यांना वही दिली. काम चालून गेलं." मग म्हणाले, "ऊठ. त्या मेलेल्यालाच पिशवीत घालू. पिशवीत हात घाल आणि डोळे मीट."

दुपारभर त्यांनी मला तेच करायला लावलं. एका जाड पोत्यात ते मेलेलं कोकरू, कधी उलटं, कधी आडवं, आणि मी डोळे मिटून सांगायचं की हाताला काय लागतंय. पायावरून वर जा. सांधे दोन्ही एकाच बाजूला दुमडतात का? मग पुढचा. विरुद्ध बाजूंना दुमडतात? मागचा. खांद्यापर्यंत पोहोच, तिथून मान शोध. खूर तळहातात झाकून घे, नाहीतर आत फाटेल. त्यांचा हात चालत नव्हता, पण जिभेवर सगळं होतं, आणि ते एकेक बाहेर येत होतं. मी चुकले की ते शिव्या घालायचे, आणि मला त्या शिव्या गोड लागत होत्या. संध्याकाळी शेड सोडताना मला पोत्यातलं सगळं डोळे मिटून सांगता येत होतं.

बुधवारी सकाळी एक मेंढी अडली आणि आगाय माझ्या कानाशी उभे राहून बोलत राहिले. "ढकल आत. वेण जाऊ दे. आता खूर. झाक. आण पुढे." कोकरू आलं. बारपी बायकेनं त्याला गवतानं खसाखसा पुसलं आणि ते शिंकलं. मी हसत होते की रडत होते मलाच कळेना.

आगायनी कोटातून ते पत्रक काढलं, घडी उलगडली आणि पेन पुढे केलं. "कर सही. उद्या समिती."

माझा हात पुढे गेला आणि थांबला. "नाही, आगाय."

"आता काय राहिलं?"

"तुम्ही बोलत होतात. मी नुसता तुमचा हात झाले. ‘स्वतंत्रपणे’ लिहिलंय."

"अगं, ते सोनुनबूबूनं शोभेला लिहिलंय!"

"कोक-जारला माझ्या कानाशी कोण बोलणार आहे?"

ते चिडले. काहीतरी पुटपुटले, आणि पत्रक कोटात कोंबून बाहेर निघून गेले. बारपी बायके मान हलवत म्हणाला, "तुझ्या नवऱ्याची मला आत्तापासून दया येते."

बारानंतर कोपऱ्यातली एक काळी मेंढी पाय झाडायला लागली. मी हात धुऊन आत घातला. दोन पाय लागले, पण डोकं नाही. बारपी बायकेला हाक मारायला मान वळवली तर दारात आगाय उभे. त्यांनी बायकेचा दंड धरला, त्याला बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं.

"आगाय!" मी ओरडले.

दार बंदच राहिलं.

शेडमध्ये मी आणि तीनशे मेंढ्या. मी डोळे मिटले. पहिला पाय, सांधे एका बाजूला, पुढचा. वर गेले, खांदा लागला, मान लागली, मागे वळलेली. बरं. दुसरा पाय. हाही पुढचाच. तो धरून वर गेले तर खांदा भलतीकडेच. हा पाय या कोकराचा नाहीच! आत दोन होती, आणि दोघांनाही एकाच वेळी यायचं होतं. मी दुसऱ्याचा पाय मागे सारला. वेण आली, थांबले. वेण गेली, पहिल्याचं तोंड बोटांत घेऊन वळवलं. निसटलं. पुन्हा वळवलं. मग त्याचा राहिलेला खूर शोधला, झाकला, पुढे आणला. कुणी मला काही सांगत नव्हतं, आणि तरी पुढचं काय ते मला कळत होतं. हे असं कळणं मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

पहिलं आलं. नाकातोंडातला चिकटा काढला, पुसलं, ते बे करून ओरडलं. दुसरं आपसूकच मागोमाग घसरत आलं, लहानखुरं, पण जिवंत. दोन्ही आईच्या तोंडाशी ठेवली आणि मी दार उघडलं.

आगाय दाराला पाठ टेकूनच उभे होते. बाहेर बर्फ भुरभुरत होता; सगळा वेळ ते तिथंच असावेत, कारण टोपीवर त्याचा थर होता. त्यांनी आत डोकावून पाहिलं, दोन्ही मोजली, आणि पत्रक काढून पालथ्या बादलीवर पसरलं. मी हात पँटला पुसला आणि चौथ्या चौकटीत सही केली. कागदाला थोडं रक्त लागलं.

"बाकीच्या चौघींना फोन लाव," ते म्हणाले. "त्या तालायला पण. उद्या आठला, इथे."

"उद्या समिती आहे, आगाय."

"समितीलाही इथेच बोलावतो."

मग त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं. पत्रकाच्या तळाशी, ‘हे सर्व शिकवले’ या शब्दांखाली, त्यांची सोमवारची, रबरी शिक्क्यानं उमटवलेली ऐटदार सही होती. ती त्यांनी सावकाश, दोन रेघांनी खोडली. आणि वर येऊन, एकोणीस नावांतल्या फक्त माझ्या चौथ्या चौकटीशेजारी, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरात नवी केली.